कुत्रा चालेल का?

“इथेही नाही म्हणतायत,” गाडीचं दार ओढून घेत श्रीरंग म्हणाला. “कुत्रा चालत नाही.”

“आत दोन कुत्री झोपली होती,” मागच्या सीटवरून शाल्मली म्हणाली. “मी बघितली.”

“ती त्यांची स्वतःची, शालू. बाहेरचा चालत नाही.”

“कोणाला विचारलंस?”

“मॅनेजरला.”

“यांना बरंच झालं मग,” ती म्हणाली. ‘यांना’ म्हणजे मला. माझं नाव ती घेत नसे. आई म्हणण्याचा प्रश्नच नव्हता, आणि मावशी, काकू यांतलं काही म्हण असं तिला सांगायची माझी हिंमत नव्हती.

खंडूचा गरम श्वास माझ्या मानेवर येत होता. ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळून मी दाराला चिकटून बसले होते. लहानपणी मालेगावला मला एक कुत्रं चावलं होतं. त्यानंतर बेंबीभोवती घेतलेल्या इंजेक्शनांची भीती अंगातून गेलीच नव्हती. हे श्रीरंगला ठाऊक होतं. शाल्मलीलाही ठाऊक होतं, म्हणून ती खंडूला मुद्दाम माझ्या पाठीमागे बसवायची.

भंडारदऱ्याच्या पाण्याला वळसा घालत जाणारा तो रस्ता होता. जानेवारी महिना. गवत पिवळं पडलेलं, पाणी काठापासून बरंच खाली गेलेलं, आणि उघड्या पडलेल्या उतारांवर जागोजागी रंगीत तंबू. श्रीरंगने नकार आणलेली ही तिसरी जागा. प्रत्येक वेळी तो एकटाच आत जायचा आणि मान हलवत परत यायचा.

आमच्या लग्नाला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. शाल्मलीची आई मेधा तीन वर्षांपूर्वी गेली होती. लग्नानंतर श्रीरंग आणि चौदा वर्षांची शाल्मली नाशिकला माझ्या फ्लॅटमध्ये राहायला आले. त्यांच्यासोबत खंडूही आला. मेधाने त्याला पिल्लू असताना रस्त्यावरून उचलून आणलं होतं. तांबूस रंगाचा, एक कान मोडलेला, आता तोंडाभोवती पांढरा झालेला गावठी कुत्रा. मी श्रीरंगकडे एकच गोष्ट मागितली होती: झोपायच्या खोलीत तो नको. बाकी घर त्याचं.

सहलीची कल्पना श्रीरंगची. “दोन दिवस तळ्याकाठी तंबूत राहू,” तो म्हणाला. “शालू खंडूशिवाय यायची नाही. कुत्रा चालेल अशी जागा तू शोध, हेमा. तू शोधलीस म्हटल्यावर तिलाही बरं वाटेल.”

मला ते पटलं. ऑफिसातून सुटल्यावर मी एकेका कॅम्पला फोन लावायला लागले. “बाई, इथे माणसं येतात,” म्हणून एकाने फोन ठेवला. दुसऱ्याने कुत्र्याची जात विचारली. गावठी म्हटल्यावर “तसल्यांना आम्ही दगड मारतो” म्हणाला. एका बाईने मलाच फैलावर घेतलं, की कुत्रं सोडून चार दिवस बाहेर पडवत नाही तर पाळता कशाला. पुढे पुढे मी नमस्कार-चमत्कार सोडून थेट विचारायला लागले, “कुत्रा चालेल का?”

“चावतं का?” शेवटी एका कॅम्पच्या गभालेबाईंनी उलट विचारलं.

“नाही.”

“मग चालंल. पण सांजच्याला आत बांधायचं. इकडं बिबट्या हिंडतो. त्याला पडवीत जागा करते मी. नाव काय त्याचं?”

इतक्या फोनांत त्याचं नाव विचारणाऱ्या त्या एकट्याच. मी लगेच दोन तंबू सांगून टाकले आणि रात्री जेवताना शाल्मलीला म्हटलं, “खंडूला पडवी मिळणार आहे.” ती पानातून वर न बघता म्हणाली, “मला नाही, त्याला सांगा.”

पण निघालो त्या सकाळी श्रीरंगने गाडीत सांगितलं, “त्या गभालेबाईचा फोन येऊन गेला. तू आंघोळीला होतीस, मी उचलला. तंबू भरले म्हणे. तिकडे गेल्यावर बघू दुसरं.” दुपारी आम्ही त्यांच्या फाटकासमोरूनच गेलो. पिवळ्या टाकीवर रंगाने नाव लिहिलेलं होतं. फाटकाशी हिरव्या लुगड्यातली एक बाई कपाळावर हात धरून रस्त्याकडे बघत उभी होती. मी काच खाली करणार तोच श्रीरंगने गाडीचा वेग वाढवला. “आता बोलून काय करायचंय,” तो म्हणाला.

तिसऱ्या नकारानंतर रस्ता अरुंद झाला. वस्ती मागे पडली. श्रीरंग शीळ घालत होता. तीन ठिकाणांहून हाकललेल्या माणसाला इतकं मोकळं कसं वाटतं, असं एकदा माझ्या मनात येऊन गेलं.

“आता एकच जागा राहिली,” तो आरशातून शाल्मलीकडे बघत म्हणाला. “हेमानेच शोधलीय. तिथे नक्की चालेल.”

मी अशी कुठलीच जागा शोधली नव्हती. पण तो लेकीसमोर मला श्रेय देतोय असं मला वाटलं, आणि मी गप्प राहिले. खरं सांगायचं तर सुखावले.

रस्ता संपतो तिथे ती जागा होती. विटलेले चार तंबू, पत्र्याची शेड, बाजूला करवंदीच्या जाळ्या आणि मागे लगेच डोंगर. दुसरं पाहुणं कुणी नव्हतं. श्रीरंगने उतरल्या उतरल्या शाल्मलीच्या खांद्यावर हात टाकला. “चल, होडी दाखवतो. खंडूला राहू दे जरा सावलीत.” खंडूची साखळी त्याने शेडच्या खांबाला अडकवली आणि दोघं उतारावरून पाण्याकडे गेली.

शेडमधून जागेचा मालक, लहू नावाचा मध्यम वयाचा माणूस, हात पुसत आला. माझ्याकडे न बघता तो सरळ खंडूसमोर उकिडवा बसला. त्याने ओठ वर करून दात बघितले, फासळ्यांवरून हात फिरवला आणि नाराज झाला.

“साहेब तर तरणं हाय म्हणले होते. हे म्हातारं निघालं.”

“कुठले साहेब?”

“हेच की. परवा फोन झाला ना आमचा. राखणीला ठेवून घे म्हणले. मालकिणीला घरात चालत नाय म्हणले.” मग त्याने वर बघितलं. “मालकीण तुम्हीच नव्हं?”

तो उठून उभा राहिला.

“माझं आधीचं बिबट्यानं उचललं, दिवाळीच्या टायमाला. चांगलं दांडगं होतं. हे एक रात बी टिकायचं नाय. ठेवा म्हणता तर ठेवतो, पण मग मला बोल लावायचा नाय.”

तेवढ्यात माझा फोन वाजला. वाटेत कुठे नसलेली रेंज तिथे उघड्यावर आली होती.

“ताई, गभाले बोलतेय. किती येळ हो? कवाधरनं फाटकात उभी हाये मी. मघाशी एक गाडी गेली, त्यात कुत्रं दिसलं. म्हणलं तुमचीच का काय, रस्ता चुकले वाटतं.”

“तुम्ही सकाळी फोन केला होतात ना? तंबू भरले म्हणून?”

“मी? मी कशाला करू? दोन्ही तंबू झाडून ठिवलेत. खंडूला भाकरी बी केलीय.”

मी उतारावरून खाली गेले. शाल्मली एका दगडावर बसली होती, श्रीरंग पाण्यात खडे टाकत होता. माझा चेहरा बघून त्याला कळलं असावं, कारण तो आधीच म्हणाला, “हळू बोल.”

“खंडूला इथे सोडून जायचं ठरलंय?”

शाल्मली उठली.

“सोडून वगैरे काय,” श्रीरंग म्हणाला. “त्याला मोकळं मिळेल इथे. फ्लॅटमध्ये कोंडून घालण्यापेक्षा बरं. आज राहू, उद्या बघू, रमला तर—”

“तो माणूस म्हणतोय की हा एक रात्रही टिकणार नाही. बिबट्या आहे इथे.”

“गावाकडची माणसं काहीही बोलतात.”

“गभालेबाईंचा फोन आला आत्ता. त्यांनी काहीही रद्द केलेलं नाही. तू वाटेत तिन्ही ठिकाणी कुत्र्याबद्दल विचारलंस तरी का?”

तो चिडला. तो क्वचितच चिडायचा. हसून वेळ मारून न्यायची त्याची पद्धत. “मी कोणासाठी करतोय हे सगळं? तुझ्यासाठीच ना? तूच घाबरतेस त्याला!”

“मला माहीत होतं,” शाल्मली म्हणाली. ती त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. “मला पहिल्यापासून माहीत होतं. ही जागा तुम्हीच शोधलीत.”

“मी नाही शोधली.”

“बाबाने गाडीत सांगितलं तेव्हा गप्प बसला होतात. आता खोटं बोलताय.”

मी श्रीरंगकडे बघितलं. त्याने एक वाक्य बोलायचं होतं. फक्त एक. त्याने हातातला खडा पाण्यात टाकला आणि तो बुडाला त्या जागेकडे बघत राहिला.

मी चढ चढून वर आले. खंडूने मला बघून मान खाली घातली आणि घशातून बारीक गुरगुरला. इतके महिने आम्ही एका घरात राहत होतो, पण मी त्याला कधी हात लावला नव्हता. मी खांबावरची साखळी काढली, तिचे दोन वेढे तळव्याला घेतले आणि रस्त्याला लागले. तो आधी अडून बसला, मग आला. लहूने अडवलं नाही. उलट म्हणाला, “न्या, न्या. बरं होईल.”

बरंच अंतर गेल्यावर मागून धावत येणारी पावलं ऐकू आली.

“द्या इकडे त्याला!” शाल्मली साखळीला झोंबली.

“नाही.”

“तो माझ्या आईचा आहे!”

“माहीत आहे. पण तुझ्या हातातून तुझा बाबा त्याला काढून घेईल. माझ्या हातातून नाही घेणार.”

ती थबकली. मग माझ्यापासून दोन हात अंतर ठेवून, रस्त्याच्या दुसऱ्या कडेने चालायला लागली.

“कुठे नेताय?”

“पिवळ्या टाकीपाशी बाई उभ्या होत्या ना, त्यांच्याकडे. त्यांनी जागा ठेवलीय.”

“तुमच्यावर माझा विश्वास नाही.”

“नको ठेवूस.”

मग मागून गाडी आली. श्रीरंग आमच्या मागोमाग पहिल्या गिअरमध्ये चालवत होता आणि हॉर्न वाजवत होता. “हेमा, तमाशा करू नकोस!” “शालू, गाडीत बस!” आम्ही दोघींनी वळून बघितलं नाही. खंडू प्रत्येक हॉर्नला दचकत होता आणि साखळीला हिसडे देत होता. माझा तळवा सोलवटून निघाला होता. शेवटी गाडी भर्रकन पुढे गेली, आडवी उभी राहिली आणि श्रीरंग उतरून आला.

“पुरे झालं,” म्हणत त्याने माझ्या मुठीच्या खाली साखळी पकडली.

“सोड,” मी म्हटलं.

“तू सोड.”

त्याने ओढली, मी ओढली. खंडूचा पट्टा गळ्यात रुतला, त्याचे पुढचे पाय उचलले गेले, तो घुसमटला, आंधळ्यासारखा वळला आणि समोर आलेल्या हाताला त्याने दात लावले. तो हात माझा होता. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला. ज्याची मी लहानपणापासून धास्ती घेतली होती ते घडून गेलं, आणि माझ्या तोंडून आवाजसुद्धा फुटला नाही. किंचाळली ती शाल्मली. श्रीरंगने साखळी सोडून दिली. मी सोडली नाही. का, ते मला आजही सांगता येणार नाही. कदाचित तळव्याला घेतलेले वेढे सुटण्यासारखे नव्हते, एवढंच असेल.

“बघ!” श्रीरंग म्हणाला. “बघितलंस ना, शालू? चावला! आता तूच सांग, असा कुत्रा घरात ठेवायचा कसा?”

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. माझ्या हातातून रक्त ठिबकत होतं, आणि त्याचा चेहरा उजळला होता. अडलेलं काम एकाएकी मार्गी लागल्यावर माणूस दिसतो तसा तो दिसत होता.

“बाबा, त्यांना रक्त येतंय,” शाल्मली म्हणाली.

“तेच तर म्हणतोय मी! चावला ना तो!”

“तू हसतोयस.”

“मी? वेडी आहेस का तू?” त्याने तोंडावरून हात फिरवला. “हे बघ, राजा. सगळं आपण नव्याने सुरू केलंय. नवीन घर, नवीन सगळं. हे एक जुनं गळ्यात पडलंय, ते तेवढं—”

“आणि मी?”

“तुझं काय? तुझं वेगळं. तुझं पाचगणीच्या होस्टेलचं मी बघतोच आहे, तिथे तर तुला—”

तो थांबला. पाचगणीचं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. शाल्मलीनेही पहिल्यांदाच ऐकलं असावं. ती रडली नाही. तिने स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडला, रस्ता ओलांडून माझ्या बाजूला आली आणि माझ्या मनगटाला तो बांधायला लागली. करकचून बांधला, दुखेल असा. बांधताना तिने माझ्या चेहऱ्याकडे एकदाही बघितलं नाही.

आम्ही गाडीला वळसा घालून पुढे निघालो. श्रीरंग थोडा वेळ तिथेच उभा राहिला असावा. मग गाडी आमच्या शेजारून गेली, न थांबता, आणि वळणाआड दिसेनाशी झाली.

गभालेबाई अजून फाटकातच होत्या. त्यांनी आधी खंडूला पडवीत बांधलं, मग मला नळाखाली बसवलं आणि कपड्याच्या साबणाने जखम धूत राहिल्या, मी ओरडेपर्यंत आणि ओरडल्यावरही. त्यांच्या नवऱ्याने जीप काढून राजूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. इंजेक्शन दंडात दिलं. एवढ्यासाठी मी जन्मभर घाबरत आले होते!

परतताना शाल्मली जीपमध्ये माझ्या समोर बसली होती. राजूर मागे पडल्यावर म्हणाली, “तुम्ही त्याला मारलं नाहीत.”

“हात रिकामा नव्हता,” मी म्हटलं.

ती खिडकीबाहेर बघायला लागली.

खंडूला घेऊन नाशिकला परतलो तेव्हा श्रीरंग घरीच होता, आणि काही झालंच नाही असं वागत होता. चहा करून वाट बघत होता. माफीही मागितली त्याने, तोंडभरून. दोघींची वेगवेगळी, आणि प्रत्येकीला दुसरीबद्दल काहीतरी सांगून. पण त्या रस्त्यावरचा त्याचा उजळलेला चेहरा मी बघितला होता. पुढे जेव्हा जेव्हा तो माझ्याशी गोड बोलायचा, तेव्हा तेव्हा मला तोच दिसायचा. पावसाळ्याआधी त्याने पुण्याला बदली मागून घेतली. वकिलांची कामं त्यानंतर वर्षभर चालली. त्यात भांडण्यासारखं फार काही नव्हतं.

शाल्मलीने पाचगणीला जायला साफ नकार दिला. ती नाशिकरोडला तिच्या सख्ख्या मावशीकडे राहायला गेली. मावशीच्या यजमानांना दमा होता, त्यामुळे कुत्रा तिथे चालणार नव्हता. ती मला एवढंच म्हणाली, “काही दिवस ठेवाल?” मी ठेवला.

ते काही दिवस चार वर्षं चालले. सकाळ-संध्याकाळ मी खंडूला फिरवायला लागले, आधी हातभर अंतरावरून, मग अगदी जवळून. शाल्मली दर रविवारी यायची. यायची ती त्याच्यासाठी. हॉलमध्ये जमिनीवर बसून त्याला सगळं सांगायची, मी स्वयंपाकघरात असताना, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. “खंड्या, फिजिक्सचा पेपर वाईट गेला रे.” “खंड्या, बाबाचा फोन आला होता, मी घेतला नाही.” मी ऐकायची आणि पोळ्या लाटायची. मधे काही बोलले तर ती उठून जाईल हे मला कळत होतं. जेवायला थांब म्हटलं की म्हणायची, “मावशी वाट बघते.”

खंडू गेला तेव्हा ती बारावीला होती. शेवटचे दोन दिवस त्याने अन्न सोडलं होतं. ती कॉलेज बुडवून आली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली. सोसायटीच्या मागे, कुंपणापाशी आम्ही त्याला पुरलं. खड्डा दोघींनी मिळून खणला. निघताना तिने पट्टा आणि साखळी पिशवीत घातली आणि पायऱ्या उतरून गेली. मी दार लावलं. आता ती यायचं कारण उरलं नाही, असं मला वाटलं, आणि त्या आठवड्यात घरातलं काहीच मला आवरावंसं वाटलं नाही.

रविवारी नेहमीच्या वेळेला बेल वाजली.

शाल्मली दारात उभी होती. चपला काढायच्या की नाहीत हे न ठरल्यासारखी.

“मला तुम्ही अजूनही आवडत नाही,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

तिने चपला काढल्या.

“जेवायला काय आहे?”